खंडेनवमीचा आकाशपाळणा

मालन घाडीला वस्तूंच्या मागच्या बाजूला जायची सवय होती. अभ्यासिकेतला पंखा घरघरू लागला की आम्ही बाकीच्या खुर्च्या सरकवून लांब बसायचो. ती उठून पंख्याच्या पाठीशी जायची आणि मान तिरकी करून ऐकत राहायची. चाळीत लग्नाचा बँड आला की पोरी पुढे धावायच्या, ही ढोलाला दोऱ्या कशा ओवल्यात ते बघायला मागे. एकदा देवळात आरतीच्या वेळी ती नगारा आपोआप वाजवणाऱ्या विजेच्या यंत्रामागे सापडली होती. पुजाऱ्याने हाकलली, तर म्हणाली, "एक दांडी उशिरा पडतेय, म्हणून बघत होते."

घाटकोपरच्या डोंगराखालच्या म्युनिसिपल शाळेचे दोन वर्ग संध्याकाळी अभ्यासिका म्हणून उघडत. तिथे आमची ओळख झाली. मी एम.ए.साठी जुन्या ओव्या वाचत असायचे आणि समोरच्या बाकावर ती दातेरी चाकं काढत असायची. कधी ती माझं पुस्तक ओढून घ्यायची आणि विचारायची, "ही बाई दळताना गाते, बरोबर? मग जातं जड झालं की ओवी हळू होते का गं?" असा प्रश्न मला कुठल्याही प्राध्यापकांनी विचारला नव्हता. मी त्यावर बरेच दिवस विचार करत राहिले.

तिचे वडील धोंडू घाडी गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडली ती त्यांच्यासाठी नाही. मग मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. आई जानकी, घरी ब्लाऊज शिवायची. मालनने दहावीनंतर पॉलिटेक्निकात मेकॅनिकल घेतलं तेव्हा आईने एवढंच विचारलं होतं, "त्यात शिवणयंत्र शिकवतात काय?" पहिल्या वर्षी सणाला कानातलं घे म्हणून आईने हातावर काही ठेवलं, तर ही कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून एक जुना स्क्रू पाना घेऊन आली. जबडा लहानमोठा करता येणारा, मुठीला गंज चढलेला. रॉकेलमध्ये बुडवून, घासून तिने तो लख्ख केला. तेव्हापासून तो तिच्या पिशवीत डब्याशेजारी असायचा. आई त्याला "आमच्या मालूचा दागिना" म्हणायची.

शेवटच्या वर्षाआधी तिला सहा महिने कुठल्यातरी कारखान्यात शिकाऊ म्हणून काढायचे होते. वर्गातली मुलं भांडुप-विक्रोळीकडे भराभर लागली. हिला एका ठिकाणी सांगितलं, बायकांची मोरी नाही; दुसरीकडे म्हणाले, रात्रपाळी आहे. शेवटी वडिलांनीच आपल्या सोसायटीतल्या श्यामकांत दिघ्यांना विचारलं. दिघ्यांची मुलुंडला शेड होती आणि धंदा होता जत्रांचा. आकाशपाळणा, मेरी-गो-राउंड, लहान मुलांची आगगाडी. पावसाळ्यात सगळं खोलून दुरुस्त करायचं आणि गणपतीपासून मैदानामैदानावर उभं करायचं.

"पोरगी?" दिघे म्हणाले. "मेकॅनिकल?"

"होय साहेब," धोंडूकाका म्हणाले. "दोन्ही."

ती पावसाळाभर शेडमध्ये होती. मुख्य मिस्त्री गुणाजी हा वेंगुर्ल्याकडचा. कमी बोलायचा आणि बोलला तर मालवणीत. त्याच्या हाताखाली तिने पाळणे ज्यांवर झुलतात त्या खिळी घासल्या, त्यांना ग्रीस भरलं, हातोडीने टकटक करून नट सैल आहे की घट्ट ते आवाजावरून ओळखायला शिकली. अभ्यासिकेत आली की तिच्या नखांना काळी कड असायची. ती सांगायची, "आकाशपाळण्याला माणसं कशी भरतात माहितीये? शेजारी-शेजारी नाही. एक पाळणा भरला की त्याच्या बरोबर समोरचा भरायचा. नाहीतर एक बाजू जड होते आणि चाक आपल्या मनाने खाली येतं." मग जरा थांबून म्हणायची, "पण हे सगळं रिकाम्या शेडमध्ये, यार. माणसं बसल्यावर तो कसा वागतो ते मला बघायचंय. ट्रेनिंग खरं तेव्हाच."

नवरात्रात घाटकोपरच्याच एका मैदानावर जत्रा लागली. पाळणा उभा राहिला, दिवे लागले आणि दिघ्यांनी मालनला तिकिटाच्या खिडकीत बसवलं.

"साहेब, मी पाळण्यावर..."

"अगं, शेडमध्ये ठीक होतं. इथे हजार माणसं बघणार. तू पँट घालून वर चढलीस तर पाळणा कोण बघेल? आणि खिडकीवर मला विश्वासाचं माणूस हवं. एक लक्षात ठेव, पैशांची पेटी सोडून हलायचं नाही."

तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. "सहा महिन्यांतले हे दहा दिवस खरे," ती मला म्हणाली, "आणि ते मी 'दोन मोठे, एक लहान' करण्यात घालवणार."

पण पत्र्याच्या त्या चौकोनी खोक्यात बसून तिने जे केलं ते तिच्या स्वभावाला धरूनच होतं. खिडकीतून पाळणा समोरून दिसायचा, खालपासून वरपर्यंत, अख्खा. जवळ उभ्या असलेल्या माणसाला तो तसा दिसत नाही. तिकिटं फाडता फाडता ती बघत राहिली. पाळणा चालवायचा काशीराम. साठीला आलेला, पांढऱ्या मिशांचा, दांड्याजवळ स्टुलावर बसलेला. दांडा ओढला की मोटरीशेजारच्या लोखंडी ढोलाला पट्टा आवळायचा, ढोल थांबला की चाक थांबायचं. मालनच्या लक्षात आलं, की काशीरामने दांडा ओढला की मोराचं चित्र असलेला पाळणा विजेच्या खांबाला एकदा ओलांडतो आणि बरोबर फळीशी, जिथे माणसं उतरतात तिथे, येऊन टेकतो. दर वेळी तसाच. "अगं, आंधळ्या माणसाने उंबरा ओळखावा तसा," ती म्हणाली होती.

नवमीच्या सकाळी हत्यारांची पूजा झाली. खंडेनवमीला आमच्याकडे पुस्तकांचीही होते. लहानपणी तो दिवस मला फार आवडायचा, कारण त्या दिवशी पुस्तकाला हात लावायचा नसतो. कामगारांचंही तसंच. पूजेला ठेवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. तंबूत पाटावर नवं फडकं अंथरलं होतं. गुणाजी एकेकाचं नाव घेऊन हत्यार मागत होता. "नंदू, तुझो पानो. काशीराम, पक्कड हाड." सगळी हत्यारं धुऊन पुसून ओळीने निजवली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. दिघ्यांच्या वयस्कर आईंनी येऊन नारळ वाढवला.

मालन पिशवीत हात घालून उभी होती. हातात पाना. तिचं नाव कुणी घेतलं नाही. तिने पाना परत डब्याशेजारी ठेवला आणि खिडकीत जाऊन बसली.

एवढ्यात तिला एक प्रश्न सुचला, आणि तिथूनच तिने तो गुणाजीला विचारलाही. "मिस्त्री, हत्यारं झोपली, मग पाळणा कसा जागा?"

गुणाजीच्या आधी काशीरामच म्हणाला, "पाळणा हत्यार नाय, पोरी. पाळणा वाहन. गाडीला हार घालतात आणि चालवतात ना? तसं." आणि तो दांड्याची पूजा करायला गेला. दरवर्षी तो दांड्याला चिमूटभर कुंकू लावायचा. यंदा गावाला त्याचा नातू आजारातून उठला होता. काशीरामने गावच्या मारुतीला तेल-शेंदूर बोलला होता, पण जत्रा सोडून गावाला जाणार कोण? म्हणून त्याने वाटीत शेंदूर कालवला आणि ज्याने आपल्याला पोसलं त्यालाच वाहिला. आधी दांड्याला, मग पट्ट्याला, मग ढोलाला, तळहाताने, मनापासून. यातून काय होईल हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. येणार तरी कसं?

संध्याकाळी मी धाकट्या बहिणीला, क्षमाला, घेऊन गेले. मैदानाच्या एका टोकाला गरबा चालला होता, कर्ण्यावरची गाणी कानांत आदळत होती. तिकिटाच्या रांगेत आम्ही चौथ्या-पाचव्या होतो. मालन मला बघून ओळखीचं हसलीसुद्धा नाही. तिचे डोळे आमच्या डोक्यांवरून पलीकडे होते.

"लक्ष कुठे आहे हिचं?" पुढचा माणूस चिडून म्हणाला. "ओ ताई, तीन द्या."

तिने तीन दिली. मग पुन्हा पलीकडे बघितलं. नंतर तिने मला सांगितलं, ती तेव्हा काय विचार करत होती. मोराचा पाळणा फळी ओलांडून जरा पुढे गेला होता. पहिल्यांदा तिला वाटलं, वारा. मग वाटलं, समोरचा पाळणा रिकामा असेल. पुढच्या फेरीला तो आणखी पुढे गेला. आणि तिसऱ्या गोष्टीने तिचं डोकं चालू झालं: काशीराम दांडा नेहमीपेक्षा आधी ओढत होता. म्हणजे त्यालाही कळलं होतं, निदान त्याच्या हाताला तरी.

तेवढ्यात खालच्या पाळण्यातून एक बाई कडेवर मूल घेऊन उतरायला उठली. तिने पाय पुढे टाकला आणि फळी तिथे नव्हती. पाळणा पुढे सरकला होता. फळीवर माणसं चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या नंदूने तिला कोपराला धरून ओढून घेतली. बाई हसली, नंदू हसला, आजूबाजूचे हसले. "काय काकी, उडायचंय काय?"

मालन हसली नाही. तिने नंदूला हाक मारली, ती गाण्यात बुडाली. पेटी सोडून हलायचं नव्हतं. तिने समोरच्या माणसाचे पैसे परत केले, पत्र्याची झडप खाली ओढली आणि आतून कडी घातली.

रांगेत एकच गलका झाला. "अहो, काय हे?" "सणासुदीला?" कुणीतरी पत्रा बडवायला लागलं. क्षमा मला म्हणाली, "ताई, तुझी मैत्रीण पागल झाली का?"

दिघे धावत आले. "मालन! खिडकी का बंद?"

झडप चार बोटं वर झाली. "साहेब, ब्रेक लांब जातोय, पाळणा जागेवर थांबत नाही. तिकिटं विकली तर माणसं बसतील. आधी पाळणा रिकामा करा."

"काशीराम काही बोलला का तुला?"

"ते कसे बोलतील? ते सावरून घेतायत. दर फेरीला जास्त सावरतायत."

दिघ्यांनी मागे वळून रांगेकडे बघितलं, गरब्याकडे बघितलं. नवमीची संध्याकाळ, वर्षातली सगळ्यात मोठी. "तुझं खोटं ठरलं तर?" ते म्हणाले.

"तर उद्यापासून मी येत नाही," मालन म्हणाली. दिघ्यांनी काशीरामला पाळणा रिकामा करायची खूण केली.

काशीरामने शेवटची माणसं उतरवली, सावकाश, एकेक पाळणा फळीला लावत. मग स्टुलावरून उठला. "माझ्या हातावर शंका? ह्या हाताने मी—"

"हातावर नाही, काका," मालन पेटी काखेत घेऊन खोक्यातून बाहेर आली होती. "हात चांगला आहे म्हणून तर कुणाला कळत नाहीये. हात वाईट असता तर पहिल्याच फेरीला दिसलं असतं."

चिडावं की नाही हे काशीरामला ठरवता येत नव्हतं.

गुणाजीने वाद घातला नाही. पाळणा उभारल्यावर चाचणीसाठी आणलेली वाळूची पोती तंबूमागे होती. नंदू आणि आणखी दोघांनी ती पाळण्यांत टाकली, एक भरला की समोरचा, त्याच क्रमाने. मालनने काशीरामला सांगितलं, "काका, फक्त एकदा, आधी ओढू नका. रोजच्या जागीच ओढा. बाकी काही करू नका."

चाक फिरलं. आम्ही सगळे रांग मोडून दोरीपाशी उभे होतो. मोराचा पाळणा खांबापाशी आला, काशीरामने दांडा ओढला. चाक हळू झालं. मोर फळीशी आला आणि फळीवरून पुढे निघाला, जसा काही त्याला कुणी थांबायला सांगितलंच नव्हतं. वर चढून थबकला, मागे आला, झुलला. रांगेतला मघाचा माणूस म्हणाला, "आयला." ती बाई मुलाला छातीशी धरून उभी होती.

मालन आधीच मागच्या बाजूला गेली होती. ढोलाजवळ वाकून तिने बोट फिरवलं आणि दिव्यापुढे धरलं. बोट लाल होतं. तिने वास घेतला.

"तेल," ती म्हणाली. "शेंदूर आहे?"

काशीराम खाली बसला. "माझ्या नातवाचा," तो म्हणाला. "देवाला वाहिला गं. मी देवाला वाहिला."

त्याला कुणी बोललं नाही. दिघे नुसते डोक्याला हात लावून उभे राहिले. गुणाजीने ढोल रॉकेलच्या फडक्याने पुसायला घेतला, आणि मग मान हलवली. पट्ट्याच्या आतलं अस्तर तेल पिऊन बसलं होतं. ते बदलायला हवं. नवं अस्तर सामानाच्या पेटीत होतं. जुनं काढायचं तर दोन नट खोलायचे. आणि पाने पाटावर निजले होते.

"उचला हो," दिघे म्हणाले. "देवी माफ करील."

"तुमी उचला," गुणाजी शांतपणे म्हणाला.

दिघे तंबूपर्यंत गेले. पाटापुढे त्यांच्या आई वाती सारत बसल्या होत्या. ते नुसतेच परत आले. "बंद करू या आजच्या दिवस," ते हताशपणे म्हणाले. "लोकांना सांगतो."

"हत्यारां निजली आसत," गुणाजी कुणालाच न उद्देशून म्हणाला. "सगळी."

"सगळी नाहीत," मालन म्हणाली.

तिने खिडकीतून पिशवी आणली, डब्याशेजारून पाना काढला. गुणाजीने तो हातात घेऊन उलटसुलट केला, जबडा फिरवून बघितला. "ह्यो खयचो? पूजेक ठेवलंस नाय?"

"तुम्ही मागितलाच नाही."

मला वाटतं, सकाळची ती सगळी रांग गुणाजीच्या डोळ्यांपुढून गेली असावी: नावं, हात, आणि एका बाजूला उभी असलेली ही. मग त्याने पाना तिच्या हातात परत ठेवला.

"मगे ह्यो जागो आसा," तो म्हणाला. "तुझो पानो, तूच चालव. मी बॅटरी धरतंय."

आणि नवमीच्या त्या संध्याकाळी, हजार माणसांसमोर, पँट घातलेली मालन घाडी ढोलाखाली उताणी पडून नट खोलत होती आणि मुख्य मिस्त्री गुडघ्यांवर बसून बॅटरी धरत होता. नट चिवट होता. जबडा दोनदा निसटला. दुसऱ्यांदा तिची बोटं सोलली तेव्हा काशीराम पुढे झाला आणि म्हणाला, "फडकं घाल मध्ये, पोरी." तिने घातलं. नट सुटला तेव्हा रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि लाजून थांबलं. क्षमा माझ्या कानात म्हणाली, "ताई, हिचा पाना आपल्या घरातल्यासारखाच आहे गं." तो खरंच साधाच होता.

नवं अस्तर बसलं. पोती घालून पुन्हा फेरी झाली. मोर खांब ओलांडून आला आणि फळीशी टेकला. मालनने तीन वेळा बघितलं, मग चौथ्यांदा बघितलं, कारण तिला आवडत होतं.

"आता खिडकी उघडू का साहेब?" तिने विचारलं.

"खिडकीत मी बसतो," दिघे म्हणाले आणि खरोखरच बसले. त्यांना सुट्टे द्यायला जमत नव्हतं. रांगेतल्या बाया हसत होत्या. ते सगळ्यांना सांगत होते, "ती आमची इंजिनीयर आहे हो, तिकडे."

दसऱ्याच्या सकाळी सगळ्यांनी आपापली हत्यारं उचलली. पाट रिकामा झाला. मालन म्हणते, तेव्हा गुणाजीने हात पुढे केला आणि तिचा पाना मागितला. त्याने तो त्याच फडक्यावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. "ह्येका आज निजान दे," तो म्हणाला. "काल ह्यो एकटोच राबलो." आणि दिवसभर कामाला म्हणून स्वतःचा पाना तिला दिला.

मालन आता अंधेरीला उद्‌वाहनांच्या एका कंपनीत आहे, इमारतींच्या लिफ्ट तपासते. अजून लिफ्टमध्ये शिरण्याआधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाते, मागच्या बाजूने. गेल्या नवरात्रात आम्ही दोघी मुद्दाम मैदानावर गेलो. तंबूत पाटावर हत्यारं निजली होती. एक पाना मात्र दांड्याजवळच्या खिळ्याला टांगलेला होता, बिनकुंकवाचा. यंदा तो नंदूचा होता. कुणाचा पाना जागा ठेवायचा हे ते दरवर्षी आपसात ठरवतात आणि त्यावरून भांडतात, असं गुणाजी म्हणाला.

काशीराम स्टुलावरच होता. मालनने त्याच्या दांड्याकडे बघितलं, ढोलाकडे वाकून बघितलं. स्वच्छ होता.

"आणि शेंदूर, काका?"

काशीरामने मिशीतल्या मिशीत हसून हनुवटीने दाखवलं. तिकिटाच्या खिडकीची लाकडी चौकट लालभडक, तेलाने तकाकत होती. आत बसलेले दिघे तिकिटं देत होते, आणि रांगेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची बोटं लाल झालेली होती.